होळीआधी मोजलेली गावं

बारा वर्षं ही गोष्ट सांगायचं मी टाळत आलो. घरी टाळलं, निवृत्तीच्या समारंभात टाळलं. जुने विद्यार्थी भेटायला आले आणि बोलणं नंदुरबारकडे वळू लागलं की मी चहा सांगायला उठत असे. यंदा होळी झाल्यावर, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, मी पुन्हा तिकडे जाऊन आलो. एका बाईची माफी मागायची होती. सातपुड्याचा तो भाग पाहायला सहसा कोणी जात नाही, म्हणून वाटेत जे दिसलं तेही लिहितो. पण हे लिहिण्याचं खरं कारण ती बाई आहे.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. मी मेडिकल कॉलेजात जनआरोग्य हा विषय शिकवत असे. मुलांना तो कंटाळवाणा वाटे, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. शोषखड्डा त्यांनी काचेच्या कपाटातल्या मातीच्या नमुन्यात पाहिलेला असायचा, आणि कुपोषित मूल पुस्तकातल्या चित्रात. मग सरकारने एक योजना काढली. हा विषय शिकवणारी कॉलेजं आणि गावात प्रत्यक्ष ते काम करणारी माणसं यांची गाठ घालून द्यायची. कॉलेजने काही गावं घ्यायची, विद्यार्थ्यांनी तिथल्या आशाताईंबरोबर घरोघर फिरायचं, त्यांच्याकडून शिकायचं आणि त्यांच्या कामाला हात लावायचा. जीप, उपकरणं आणि दोन शिक्षकांचे पगार सरकार देणार होतं. दोन वर्षांनी अहवाल पाहून पुढचा निधी ठरायचा. कल्पना उत्तम होती, आजही मी तसंच म्हणेन. मी उभं आयुष्य ज्याची वाट पाहिली ते मला हातात मिळालं होतं. नर्मदेच्या काठचे पाडे आमच्या वाट्याला आले. तिथे आशाचं काम करणाऱ्या बाईचं नाव रुमलीबाई.

रनाळे

नंदुरबार स्टेशनवर युवराज न्यायला आला होता. योजनेची जीप तोच चालवायचा, आता त्याची स्वतःची गाडी आहे. डोक्याचे केस पांढरे झालेत, बोलणं तेच.

"सर, तुम्ही तं पार वाळी गयात," तो म्हणाला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. "कसाले जाई ऱ्हायनात तठे, ह्या वयमा?"

"रुमलीबाईंना भेटायचंय."

त्याने पिशवी मागच्या सीटवर ठेवली. गाडी गावाबाहेर आली तेव्हा मिरची वाळवायच्या पथाऱ्या लागल्या. हंगाम सरत आला होता, तरी शेतंच्या शेतं लाल होती. काचा वर करेपर्यंत मला असा ठसका लागला की गाडी थांबवावी लागली. आमच्याकडे मिरची पुडीत येते. इथे ती जमिनीवर पसरलेली असते आणि वाऱ्याबरोबर नाकात शिरते. युवराजने पाणी दिलं. "डोळा चोळू नका सर, आग आखो वाढी."

दुपारचं जेवण त्याच्या घरी, रनाळ्याला. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. भाकरी माझ्या कवळीला पेलेना, तेव्हा त्याच्या आईने ती न बोलता दुधात कुस्करून दिली. घर शेतकऱ्याचं, बारा एकर रान, सगळं कापूस नि मिरचीचं. मी डोंगरात चाललोय म्हटल्यावर माउलीने कपाळाला हात लावला.

"त्या डोंगरना लोके? होळी जवळ उनी का मिरची झाडवर सोडीसन पळी जातस. हातपाय जोडा, थांबतस नही. रनाळामा लहान पोऱ्याले बी ठाऊक शे."

"माय, आमना सरले ठाऊक नव्हतं," युवराज म्हणाला आणि हसला. मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला.

मला ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. मला सांगितलं गेलं होतं.

डोंगरातली माणसं दिवाळी झाली की खाली उतरतात. कोणी इथे मिरची तोडायला, बरेच जण गुजरातेत ऊस तोडायला. लेकरंबाळं बरोबर नेतात. घराचं दार लोटून त्याला एक काटेरी फांदी लावतात, की झालं कुलूप. होळीला सगळे परत येतात; होळी दुसऱ्याच्या शेतावर करायची नसते. आमचे विद्यार्थी मात्र जानेवारीत यायचे, कारण परीक्षा उन्हाळ्यात. त्यांच्या हातातल्या फॉर्मवर नियम छापलेला होता, तीन फेऱ्यांत घर बंद आढळलं तर ते यादीतून वगळायचं. तो नियम मीच शहरातल्या सर्वेक्षणासाठी लिहिलेला होता. पाड्यावर तो तसाच लावला. मुलं इमाने इतबारे तीन-तीनदा डोंगर चढली आणि फांदी लावलेल्या दारासमोर 'घर बंद' लिहून उतरली.

रुमलीबाई तेव्हा ओसरीवर बसून हे पाहत होत्या. त्यांच्या बोलीत 'तुम्ही' नाही, त्या कलेक्टरलाही 'तू' म्हणायच्या.

"सर, होळी होऊ दे, मग ये. आता मोजशील तर म्हातारे मोजशील, आणि मास्तरची पोरं."

मी हसून म्हणालो, "बाई, होळीचा पेपर नसतो आमच्याकडे."

विद्यार्थीही हसले. त्यांनी काय लिहून घेतलं असेल, ते सांगायला नको. जी मुलं गावात राहिली होती ती ज्यांना थोडी जमीन होती, ज्यांचा बाप शाळेत शिपाई होता, त्यांची. त्यांची वजनं चांगली भरली. दुसऱ्या वर्षीच्या अहवालात मी लिहिलं की आमच्या गावांत कुपोषण लक्षणीय घटलं आहे.

डोंगराखालचं गाव

तळोदा मागे पडल्यावर सपाटी संपते. समोर सातपुडा उभा असतो, मार्चअखेरीस करडा, पानं झडलेला, आणि मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा. डोंगराखालच्या तालुक्याच्या गावी मी रात्र काढली. सकाळी तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटलो. नाव लिहीत नाही, त्यांचा यात काही संबंध नाही. तरुण, नम्र माणूस. मी एक कागद टाइप करून नेला होता, की त्या वर्षांचा आमचा अहवाल चुकीचा होता आणि आशाताईंची यादी बरोबर होती.

त्यांनी दोनदा वाचला.

"सर, ही योजना तर बंद झाली. फायलीही इथे नाहीत. हा मी कशाला जोडू?"

"जोडू नका. घेऊन ठेवा."

त्यांनी पोच दिली. बिचाऱ्याला माझी दया आली असावी. चहा मागवला, आणि बोलता बोलता सांगितलं की आता दुसऱ्या एका कॉलेजची मुलं येतात, नवा निधी आहे, मुलं हुशार आहेत.

"कधी येतात?"

"जानेवारीत. परीक्षेच्या आधी बसवावं लागतं ना."

मी त्यांना होळीचं सांगितलं. ते म्हणाले, "हो सर, आम्हाला माहीत आहे. पण वेळापत्रक विद्यापीठाचं असतं." चहा फार गोड होता. तो मी संपवला.

याच गावातल्या एका सभागृहात ती बैठक झाली होती. अहवाल पाहायला वरून समिती आली होती. आमची यादी जानेवारीची. रुमलीबाईंनी होळीनंतर मोहाच्या झाडाला वजनकाटा टांगून परत आलेली सगळी मुलं एकेक करून मोजली होती आणि तीव्र कुपोषित मुलांची नावं लाल पेनाने लिहिली होती. त्यांचं पान जवळजवळ सगळं लाल होतं. समितीच्या प्रमुखांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"सर, यातलं खरं कुठलं?"

बाई दाराजवळ शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर पुढच्या दोन वर्षांचा निधी, जीप, दोन तरुण शिक्षकांच्या नोकऱ्या, वर्गाबाहेर पडलेली माझी मुलं. हे सगळं खरंच डोळ्यांसमोर होतं, ढोंग करत नाही. मी म्हणालो, "बाईंचा काटा जुना आहे. त्याची वजनं खात्रीची नाहीत."

जानेवारीत मीच त्या काट्याला पाच किलोचं प्रमाणित वजन अडकवून पाहिलं होतं. सुई पाचवर येऊन थांबली होती. मी बाईंना शाबासकी दिली होती.

निधी मिळाला. बाईंचा काटा काढून घेतला, त्यांना पुन्हा प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं, आणि पुढे काही महिन्यांत त्यांच्या जागी दुसरी मुलगी आली. त्या लाल नावांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

पाण्यावरून

मोलगीच्या पुढे घाट उतरला की रस्ता नर्मदेच्या पाण्यात संपतो. युवराज गाडीपाशी थांबला. "मी आठेच बसस सर. मले पाणीना भेव वाटस." मी होडीत बसलो. होडीत मणिबेलीकडे जाणारी दोन पोती मीठ, एक शिलाई मशीन, आणि पाच-सहा बायका, डोक्यावर मोहाच्या फुलांच्या टोपल्या. त्या फुलांचा वास गोड असतो आणि थोड्या वेळाने मळमळायला लागतं.

धरणाचं पाणी उतरू लागलं होतं. डोंगराच्या अंगावर चिखलाचे पट्टे उघडे पडले होते, आणि मधेच पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. होडीवाल्याने एका ठिकाणी वल्हं थांबवलं आणि बोट खाली केलं.

"इथे माझं घर."

"खाली?"

"हां. पोहत जाशील तर चूल दिसेल."

बायका हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला. शहरात माणूस जुनं घर दाखवतो तेव्हा वर बघतो, गच्चीकडे किंवा खिडकीकडे.

उतरताना मी घसरलो. काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत लोण्यासारखा असतो. गुडघ्यापर्यंत रुतलो, चप्पल आत राहिली. दोघी बायकांनी मला काखेत धरून उचललं, पोतं उचलावं तसं, आणि एकीने हात घालून चप्पल काढून दिली. कोणाकडे जायचं, त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. "आहे, आहे," एक म्हणाली. "होळीला आली. अजून आहे."

पाड्यावर

रुमलीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. त्यांनी मला पाहिलं, हातातली टोपली खाली ठेवली, आणि दोन्ही हात कमरेवर घेतले.

"सर! तू किती म्हातारा झाला!"

"तुम्हीसुद्धा झालात."

"मी तर आधीच होती." त्यांनी खाट टाकली, चिखल धुवायला पाणी दिलं. आत त्यांची जाऊ चुलीपाशी होती, तिला त्यांच्या बोलीत काही सांगितलं. "भाकर खाऊन जाशील. मक्याची आहे, मऊ. दात आहेत का तुला?"

"विकतचे आहेत."

त्या खूप हसल्या. मला फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं की आत्ताच सांगून टाकावं. सबंध प्रवासभर मी ते वाक्य जुळवत आलो होतो. पण त्याच बोलत होत्या. मुलगा सुरतेला, सून इथे. काम गेल्यापासून त्या नवऱ्याबरोबर उसाच्या फडावर जातात. "आता माझं घर पण बंद असते, दिवाळी ते होळी. तुझी पोरं येतील तर लिहून जातील." हे त्या टोमणा म्हणून बोलल्या की नुसतंच, मला कळलं नाही. चेहऱ्यावर हसू होतं.

मी म्हणालो, "बाई, त्या बैठकीबद्दल मला बोलायचंय."

त्यांनी हसणं थांबवलं. आत चुलीकडे एकदा पाहिलं आणि खाटेजवळ जमिनीवर बसल्या. आवाज खाली आणला.

"मला पण तुला विचारायचं होतं. इथे कोणाला विचारू? तू शिकलेला. तूच काटा तपासला होता."

"विचारा."

"जावेची पोरगी होती, रेवली. दीड वर्षाची. होळीनंतर मी मोजली, लाल आली. तालुक्याला नेऊन चौदा दिवस दवाखान्यात ठेवायची होती. जाऊ नाही म्हणत होती, घरी दुसरी पोरं. मी रोज येऊन भांडायची तिच्याशी, चल, चल. मग ती बैठक झाली. तू म्हटला, काटा खोटा. मी घरी आली. मला वाटलं, मोठा डॉक्टर सांगतो. पोरगी लाल नसेल. मग मी भांडणं सोडलं." त्यांनी जमिनीवर पडलेलं एक मोहाचं फूल उचललं. "पावसात गेली ती."

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मी तर डोळ्याने बघत होती सर. हात असे, बारीक. तरी मी सोडलं. आता रात्रंदिवस मनात येते, काटा खरा असेल तर? काटा खरा, तर मी मारली तिला. काटा खोटा, तर मग तिचं तेवढंच होतं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात उसाच्या पानांनी चिरलेला, खरखरीत. "तू सांग. काटा खोटा होता ना?"

माझं वाक्य तयार होतं. घरून आणलेलं, रेल्वेत घोकलेलं. मी येताना समजत होतो की सत्य सांगितलं की बाईंवरचा डाग जाईल, त्यांचं काम किती चोख होतं ते त्यांना कळेल. त्या सत्याखाली एक दीड वर्षाची मुलगी असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बारा वर्षं मी विचारलं नव्हतं, त्यामुळे येणार कुठून?

"हो," मी म्हणालो. "काटा जुना होता. त्याच्यावर भरवसा नव्हता."

बाईंनी श्वास सोडला. मग मान वळवून आत हाक दिली आणि त्यांच्या बोलीत काही सांगितलं, दोन-तीन वाक्यं, त्यातला 'काटा' एवढाच शब्द मला समजला. थापण्याचा आवाज थांबला. जाऊ दारात आली. पिठाचे हात तसेच. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, ती रुमलीबाईंकडे पाहत राहिली, किती तरी वेळ. मग खाली बसून तिने आपलं कपाळ रुमलीबाईंच्या खांद्याला टेकवलं. पिठाचा पांढरा हात बाईंच्या लुगड्यावर उमटला.

नंतर मला भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. दोघी समोर बसून मला जेवताना पाहत होत्या. जाऊ म्हणाली, अजून घे. मी घेतली. त्यांच्या घरात बारा वर्षांत न झालेली काहीतरी गोष्ट माझ्यासमोर होत होती आणि ती मी दुसऱ्यांदा बोललेल्या त्याच खोट्यामुळे. पहिल्यांदा का बोललो ते मला माहीत आहे. या खेपेला का, ते अजून ठरवता येत नाही. दया म्हणून म्हणावं, तर माझीही सुटका त्यातच होती.

होडी निघायची होती. रुमलीबाई काठापर्यंत आल्या. गाळातून मला हात धरून नेलं, पाय कुठे टाकायचा ते दाखवत. "आता येशील तर होळीला ये," त्या म्हणाल्या. "नाचायला." मी होडीत बसलो. होडीवाल्याने दोर सोडला. मी तोंड उघडलं, त्यांनी हात कानामागे धरला, आणि मी म्हणालो, "येतो."

हे छापून आलं तर एखाद्या दिवशी कोणी त्यांना वाचून दाखवेल. वाचणाऱ्याने इथे थांबून विचार करावा, कारण यापुढचं त्यांच्या उपयोगाचं आहे की नाही ते मला सांगता येत नाही. त्या काठावर, पाणी मधे येण्याआधी, मला म्हणायचं होतं ते एवढंच:

रुमलीबाई, काटा बरोबर होता. तुम्ही बरोबर होता. मला हे त्या दिवशीही माहीत होतं, आणि ज्या मुलीसाठी तुम्ही रोज भांडत होता तिच्या आणि दवाखान्याच्या मधे तुम्ही नाही, मी उभा होतो. मला क्षमा करा.